समुद्रदेवांचा अभ्यास आणि माझे आठ महिने खाणारा तक्ता

पुराणकथांच्या तौलनिक अभ्यासाकडे नव्याने वळलेल्यांसाठी लिहितेय. वरुण, पोसायडन, नेपच्यून कोण हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते, समुद्रमंथनही परत सांगत बसत नाही. मला फक्त एक खड्डा दाखवायचाय, कारण मी त्यात आठ महिने होते आणि अजूनही ते दिवस आठवले की पोटात गोळा येतो.

झालं असं, विषय ठरला त्याच रात्री मी एक्सेल शीट उघडली. प्रत्येक संस्कृतीला एक ओळ, आणि पुढे कॉलम: देवाचं नाव, शस्त्र, वाहन, बायको, स्वभाव. भारत म्हणजे वरुण, पाश, मकर. ग्रीस म्हणजे पोसायडन, त्रिशूळ, घोडे. मेसोपोटेमियाच्या ओळीत एन्की. शीट भरत गेली की अभ्यास होतोय असं वाटतं, आणि हीच फसगत आहे, कारण रिकामा चौकोन दिसला की आपण तो भरायला काहीतरी शोधतोच आणि मग ते सापडतंच. मार्गदर्शकांनी शीट शांतपणे खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "यातलं खारं पाणी कुणाचं आणि गोडं कुणाचं?" मला एकाही ओळीबद्दल सांगता येईना.

हे नीट समजून घ्या. "समुद्रदेव" हे आपण दिलेलं शीर्षक आहे, त्या लोकांचं नाही. एन्कीचं घर म्हणजे अब्झू, जमिनीखालचं गोडं पाणी, विहिरीला आणि शेताला लागणारं. खारं पाणी म्हणजे तिआमत, आणि ती पाण्यावर राज्य करत नाही, ती स्वतःच ते पाणी आहे. बॅबिलोनच्या सृष्टिकथेत सुरुवातीला अप्सू (म्हणजे तोच अब्झू) आणि तिआमत यांची पाणी एकमेकांत मिसळलेली असतात, पुढे बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक तिला वाळवायच्या मासळीसारखी मधोमध चिरतो, एका भागाचं आकाश करतो आणि तिच्या डोळ्यांतून युफ्रेटिस आणि टायग्रिस वाहू लागतात. आता सांगा, हिला "स्वभाव" आणि "वाहन" या कॉलममध्ये कशी बसवणार? सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित या प्राचीन नगराच्या कथेतला याम तर वादळदेव बआलचा वैरी, आणि त्याचं बिरुदच "अधिपती समुद्र, न्यायाधीश नदी" असं जोडीने येतं. म्हणजे एके ठिकाणी पाणी हा देवाचा देह, एके ठिकाणी घर, एके ठिकाणी शत्रू. मी तिघांना एकाच रांगेत बसवलं होतं.

ग्रीसमध्येही तेच. ओकेआनोस ही जगाला वेढणारी नदी, पोंतोस हा खुद्द समुद्र, नेरेउस हा समुद्राचा म्हातारा, आणि पोसायडनला समुद्र मिळाला तो वाटणीत. इलियडच्या पंधराव्या सर्गात तो स्वतः सांगतो की तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या, झ्यूसला आकाश, हेडिसला पाताळ, मला समुद्र. त्याची जुनी ओळख धरणी हलवणारा अशी आहे, घोडेही त्याचेच. १९५२ मध्ये लिनियर बी ही प्राचीन ग्रीक लिपी उलगडली तेव्हा पायलॉसच्या मातीच्या पाट्यांवर तो अगदी मोठ्या मानाचा देव निघाला. नेपच्यूनला पोसायडनचं चरित्र नंतर चिकटलं, नेपच्यूनचा मूळ सण २३ जुलैचा, ऐन उन्हाळ्यातला, पाणी आटण्याच्या दिवसांतला.

मला सगळ्यात जास्त रडवलं ते वरुणाने. पुराणांतला जलाधिपती डोक्यात ठेवून मी ऋग्वेद उघडला आणि तिथे भेटला ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, रखवालदार, शपथ मोडणाऱ्याला पाशात धरणारा राजा. पश्चिम आशियातल्या मितन्नी राज्याच्या राजाने शेजारच्या हित्ती राजाशी इ.स.पू. चौदाव्या शतकात केलेल्या करारातही तो मित्र, इंद्र आणि नासत्यांबरोबर (म्हणजे अश्विनीकुमारांबरोबर) साक्षीला आहे, समुद्राचा तिथे विषयच नाही. पाण्याशी त्याचं नातं आहे, पण ते कसं आहे हे सातव्या मंडलात बघा. ७.८८ मध्ये वसिष्ठ आठवण काढतो की मी आणि वरुण नावेत बसलो, समुद्राच्या मध्यावर गेलो, झोक्यावर झुलल्यासारखे झुललो, आणि दोनच ऋचा पुढे विचारतो, कुठे गेलं आपलं ते सख्य? लगेचच्या ७.८९ मध्ये तो म्हणतो, पाण्याच्या मधोमध उभा असून तुझ्या गायकाला तहानेने गाठलंय, दया कर. भाष्यकार इथे जलोदराकडे, म्हणजे पोटात पाणी साठण्याच्या रोगाकडे, बोट दाखवतात, आणि ऐतरेय ब्राह्मणात वचन न पाळणाऱ्या हरिश्चंद्राला वरुण पोटाच्या याच रोगाने धरतो. म्हणजे पाणी इथे शिक्षा आहे, देवाने माणसाच्या शरीरात भरलेली. ही ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली त्या दिवशी शीट बंद केली ती आजवर उघडली नाही.

एक स्पष्ट सांगते, दहा मिनिटांत सगळे समुद्रदेव दाखवणारे व्हिडिओ पहिले सहा महिने बघूच नका, कारण त्यांतली जोडी एकदा डोक्यात बसली की मूळ वाचताना तीच दिसते आणि ती काढायला फार त्रास होतो. आणि मार्गदर्शक निवडताना भरपूर पुस्तकांची यादी देणाऱ्यापेक्षा तुमच्या समोर एक पान उघडून वाचायला बसणारा निवडा, नाव लहान असलं तरी चालेल.

घाबरू मात्र नका. तुलना करायचीच नाही असं मी म्हणत नाहीये, तुलनेसाठीच तर आपण आलोय. फक्त नावाऐवजी क्रियापद टिपा: हा देव पाण्याचं काय करतो, चिरतो, राखतो, पितो, पोटात भरतो? शेजारी ग्रंथाचा काळ लिहा. नॉर्स समुद्रदेव न्योर्दची गोष्ट सविस्तर येते ती तेराव्या शतकातल्या आइसलँडमध्ये, ख्रिस्ती माणसाच्या लेखणीतून, तिला वेदकालीन ऋचेशेजारी ठेवताना एवढं तरी लक्षात हवं. संस्कृत किंवा ग्रीक येत नसेल तर दोन वेगवेगळी भाषांतरं समोर ठेवा, जिथे ती एकमेकांशी जुळत नाहीत तिथे थांबा, तिथेच काहीतरी असतं.

सुरुवातीला त्या चार वरुणसूक्तांना, ७.८६ ते ७.८९, एक आठवडा द्या. मग ओडिसीचा अकरावा सर्ग, त्यात मेलेला द्रष्टा तायरेसियस ओडिसियसला सांगतो की खांद्यावर वल्हं घे आणि आत आत जमिनीकडे चालत राहा, अशा लोकांपर्यंत जा जे जेवणात मीठ घालत नाहीत, ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि कुणीतरी वाटसरू त्या वल्ह्याला धान्य उफणायचं अवजार समजेल तिथे ते जमिनीत रोव आणि पोसायडनला बळी दे. मेंढा, बैल आणि नर डुक्कर, समुद्रापासून इतक्या लांब.