तोंडाचा कॅन्सर निघाला, आता ऑपरेशन की रेडिएशन?
बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरात पहिला प्रश्न हाच, ऑपरेशन टाळून नुसत्या रेडिएशनवर भागेल का. तर बघा, गालाच्या नाहीतर जिभेच्या कॅन्सरला बहुतेक वेळा आधी ऑपरेशनच सांगतात, रेडिएशन लागलंच तर नंतर, साधारण ६ आठवडे, आठवड्यातले ५ दिवस. स्कॅन होऊन स्टेज कळल्याशिवाय काही ठरवू नका, जमलं तर मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला दाखवून याच. डॉक्टरला विचारायचं ते वहीत लिहून न्या, जबडा किती काढणार, काढलेल्या जबड्याच्या जागी पायाचं हाड लावणार का, मानेतल्या गाठींचं काय, नळीने जेवण किती दिवस, कारण केबिनमध्ये गेल्यावर काहीच आठवत नाही. रेडिएशनआधी किडलेले दात काढून घ्या, नंतर काढले तर जबडा भरून यायला फार त्रास होतो. आणि काढ्यात महिने घालवू नका, आमच्या काकांनी घालवले, सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झाली.