बिल्डिंगखालून बोगदा जाणार असेल तर आधी काय करायचं

मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ चं काम चालू होतं तेव्हा गिरगाव-काळबादेवीत सगळ्यांच्या तोंडी एकच, मशीन खालून गेलं की चाळ बसणार. खरं सांगू का, मशीनपेक्षा स्टेशनच्या खड्ड्याची काळजी जास्त करा. टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारं मशीन, खडक कापत पुढे जातं, मागे लगेच काँक्रीटच्या रिंगा बसवतं, रिंग आणि खडकातली फट ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरतं, आणि खाली चांगला बेसॉल्ट, म्हणजे काळा खडक, असेल तर जमीन फारशी हलतच नाही. स्टेशनचा खड्डा मात्र वरून उघडतात, तो महिनोन्‌महिने तसाच असतो आणि त्यातून पाणी उपसत राहतात. काळबादेवी, गिरगावला तर रस्ताच एवढा अरुंद की स्टेशनचा काही भाग नाटम पद्धतीने, म्हणजे थोडं खोदा, स्प्रेचं काँक्रीट मारा, परत खोदा, असा करावा लागला.

तर पहिलं काम, खोदाई सुरू व्हायच्या आधी जुन्या भेगांचे फोटो काढा. सगळ्यांच्या घरातले, जिन्यातले, सज्जाखालचे, गच्चीतले पण, शेजारी मोजपट्टी धरून. भेग जिथे संपते तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. कॉन्ट्रॅक्टर पण बिल्डिंगचा कंडिशन सर्व्हे करतो, त्याची कॉपी सेक्रेटरीने मागून घ्यायची, आणि सही करण्याआधी वाचायची हो! आमच्याकडे कोणी वाचलाच नाही, नंतर कळलं की मागच्या जिन्याची भेग त्यात नव्हतीच, मग ती आधीची का नंतरची यावर चार महिने वाद.

मोठ्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवा, तडकली तर भिंत हलतेय. भिंतीवर मेट्रोचे लोक मोजणीसाठी छोटे काचेचे प्रिझम लावतात, त्यांना हात लावू नका, कपडे तर अजिबात वाळत घालू नका, त्यावरूनच बिल्डिंग किती मिलिमीटर खचली किंवा कलली ते मोजतात. रीडिंग दर आठवड्याला मागा, आणि कुठल्या आकड्याला काम थांबवणार तेही लेखी घ्या.

आता पाणी. चाळीत जुनी विहीर असेल तर दोरीला गाठी मारून पातळी लिहून ठेवत जा. एकदम उतरली तर त्याच दिवशी साइटवर कळवा, कारण पाणी गेलं की भरावाची माती नाहीतर चिकणमाती दबते, आणि ती हळूहळू दबते, मशीन पुढे गेल्यावर पण. कोलकात्यात बऊबाजारला ऑगस्ट २०१९ च्या शेवटी टीबीएमला भूजल लागलं, पाण्याबरोबर माती बोगद्यात आली, आणि वरच्या जुन्या बिल्डिंगा खचल्या, काही पडल्या, शेकडो लोकांना बाहेर काढावं लागलं. आपल्याकडे खडक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वर भराव आहे आणि खडकातही भेगा असतात, पाणी तिथूनच येतं.

दरवाजे अचानक घासायला लागले, फरशी फुगली, तर गिलाव्याची भेग समजून पुट्टी मारू नका. आधी फोटो, मग लेखी तक्रार, पोच घ्या, आणि पुट्टी त्यांचा इंजिनिअर बघून गेल्यावरच.