शेतीच्या सर्वेक्षणातून बाई कुठे सुटते, आणि तिची नोंद कशी घ्यावी

शेतीचं सर्वेक्षण बहुतेक वेळा ‘कुटुंबप्रमुखा’पाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. हा प्रमुख म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला पुरुष. 2015-16च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खातेदारांमध्ये स्त्रिया सुमारे 14 टक्केच होत्या. तेव्हा खातेदारांच्या यादीतून नमुना काढला, तर शेतात राबणाऱ्या बहुतेक बाया पहिल्याच दिवशी गळतात.

म्हणून यादी चुलीप्रमाणे करा. भावाच्या घरात वेगळी चूल मांडून राहणारी विधवा किंवा परित्यक्ता हे वेगळं कुटुंब आहे. दारं मोजली तर ती सुटते. प्रत्येक चुलीतल्या 18 वर्षांवरच्या बायांची स्वतंत्र यादी लिहा आणि चिठ्ठी टाकून एक निवडा. घरी भेटली तिलाच विचारलं तर सासू भेटते, कारण सून शेतात असते. निवडलेली बाई भेटली नाही तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. बदली माणूस घेऊ नका. नवऱ्याने उत्तर दिलंच, तर ‘उत्तर कोणी दिलं’ या रकान्यात तसं लिहा. हा रकाना बहुतेक फॉर्मांत नसतोच.

किती जणींना विचारायचं ती संख्या आधी ठरवा. 400 जणींना विचारलं तर टक्केवारी साधारण 5 टक्क्यांनी इकडेतिकडे चुकू शकते, 100 जणींना विचारलं तर 10 टक्क्यांनी. मोजकीच गावं निवडली असतील तर त्याहून जास्त. 400 जणांत बाया 60च आल्या आणि नंतर भारांक लावून (म्हणजे हिशेबात त्यांचं वजन वाढवून) त्यांचा वाटा एकूणाच्या निम्मा, म्हणजे 200 केला, तर एकेक बाई 3.3 जणींच्या जागी मोजली जाते. माहिती मात्र 60 जणींचीच राहते.

खरी मेख प्रश्नाच्या शब्दांत आहे. ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं की ‘नाही, घरीच असते’ हे उत्तर ठरलेलं. एकेक काम नाव घेऊन विचारा: खुरपणी, लावणी, कापूस वेचणी, बियाणं निवडणं, धार काढणं, शेण काढणं, सरपण आणणं. मुदत गेल्या सात दिवसांची ठेवा आणि हंगामाचं वेगळं विचारा. वेळ मोजायचा असेल तर आदल्या दिवसाच्या पहाटे 4 पासून अर्ध्या अर्ध्या तासाने विचारत या. 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात याच रीतीने बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचं हे काम दिवसाला सरासरी 299 मिनिटं आणि ते करणाऱ्या पुरुषांचं 97 मिनिटं निघालं. एकाच अर्ध्या तासात दोन कामं असतील तर दोन्ही लिहा. भाकऱ्या करताना मूल सांभाळणं हेही कामच आहे.

जमिनीचे रकाने तीन करा: उताऱ्यावर नाव कोणाचं, कसतं कोण, विक्रीचे पैसे कोणाच्या हाती येतात.

ऊसतोडीच्या पट्ट्यात जास्त सावध राहा. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचा एकच हिशेब धरला जातो आणि उचल (आगाऊ पैसे) बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. एका कोयत्यामागे दोन ओळी भरा, एक त्याची, एक तिची. शिवाय हंगामात हे कुटुंब गावात नसतं. दिवाळीनंतर गावात जाऊन केलेल्या यादीत ते दिसणार नाही. ऊस तोडला जातो त्या फडावरच जावं लागेल.

विचारणारी बाईच असावी आणि मुलाखत घरच्या माणसांपासून बाजूला व्हावी. वेळ गावातल्या आशाताईंना (आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशा कार्यकर्तीला) विचारून ठरवा. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे कामात तासभर थांबवलं तर तिचा रोज बुडतो. जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी बसा.

पहिले 50 फॉर्म आले की थांबून पाहा: प्रत्येक प्रगणकाकडे (मुलाखत घेणारीकडे) बाया किती, त्यांतल्या किती जणींची उत्तरं दुसऱ्याने दिली, नकार कोणाचे आले. एखादीकडे सगळ्याच बायांचं काम ‘शून्य’ दिसलं, तर तिने कामांची यादी बहुधा वाचून दाखवलेलीच नाही. ते फॉर्म पुन्हा भरून घ्या.