ताओर्मिनाला जाताय? मुक्काम वरच्या गावात घ्या

साताऱ्यातनं कुणी इटलीत सिसिलीला जाणार असाल तर ताओर्मिनाला दोन रात्री तरी ठेवाच, आणि हॉटेल बुक करताना नकाशा नीट बघा, कारण गाव आहे समुद्रापासून साधारण 200 मीटर वर डोंगरावर आणि रेल्वे स्टेशन पार खाली किनाऱ्याला, आपलं स्टेशन कसं गावाबाहेर माहुलीला आहे तसंच, फक्त इथं मधे उभा चढ. आईवडील बरोबर असतील तर बॅगा घेऊन चालत अजिबात जाऊ नका, स्टेशनवरनं बस मिळते. बीचवर जायला माझारोपर्यंत केबल कार आहे, तिथनं इसोला बेला हे छोटं बेट जवळच.

ग्रीक थिएटर, म्हणजे जुनं उघड्यावरचं नाट्यगृह, मात्र सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, तिथनं एटना दिसतो, पण दुपारपर्यंत त्याच्यावर बरेचदा ढग येतात आणि मग तो ज्वालामुखी दिसतच नाही, ज्याच्यासाठी एवढं लांब गेलो तोच.

एटनावर जाणार असाल तर उन्हाळ्यातसुद्धा जाड जॅकेट आणि बंद बूट हवेतच, केबल कार 2,500 मीटरपर्यंत नेते, वर वारा भयंकर आणि काळी खडी चपलेत घुसते. राख उडाली की कातानियाचं विमानतळ कधीकधी बंद ठेवतात, त्यामुळं परतीच्या फ्लाइटला चिकटून दुसरी फ्लाइट घेऊ नका.