फुली मारण्याआधी

पालकसभेत दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "बाई, आमच्या घरात कुणालाच गणित जमलं नाही, याला कुठून जमणार?" आणि 'हा' शेजारीच उभा असतो, बुटाच्या टोकानं फरशी उकरत. घरी काही करायचं असेल तर आधी हे वाक्य बंद करा. निदान मुलासमोर तरी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. माझी स्वतःची चूक उलट दिशेची होती. भराभर गणितं सोडवणाऱ्या एका मुलीला मी उठता-बसता "हुशार गं!" म्हणायचे. शिष्यवृत्तीचा सराव सुरू झाल्यावर अवघड गणित दिसलं की ती पान उलटायची. चुकलं तर हुशारी जाईल ना! पुढे कळलं, अमेरिकेत कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पाचवीच्याच मुलांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. हुशारीची तारीफ झालेली मुलं एकदा अवघड कोडी चुकल्यावर पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

पण नुसतं "प्रयत्न कर" म्हणूनही भागत नाही. विहिरीत पडलेल्याला "वर ये" म्हणण्यासारखंच ते. दोर टाकायला हवा.

तो असा. गणित आहे ५०३ वजा २६७. मुलानं उत्तर लिहिलंय ३६४. फुली मारू नका, वही पुढ्यात घेऊन बसा. "कसं केलंस, सांग." तो सांगेल, "तीनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन काढले." म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलाय. डोकं चाललंय, फक्त वाट चुकलीय. आता म्हणा, "२६७ मध्ये ३६४ मिळव बरं." येतात ६३१. इथं थांबा. बोलू नका. अर्धा मिनिट जड जातं, पण चूक त्याची त्यालाच सापडू द्या.

मग खेळण्यातल्या नोटा काढा. शंभराच्या पाच, एक रुपयाची तीन नाणी. "दुकानदाराला २६७ दे." सुटे नाहीत, म्हणून तो शंभराची एक मोडून दहाच्या दहा घेतो, त्यातली एक मोडून दहा नाणी. हातात आता शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी. देऊन उरतात २३६. मधल्या शून्याचा नऊ कसा झाला, हे त्यानं हातानं केलेलं असतं. आता शाबासकी द्या, पण नेमकी: "सुटे नव्हते तर आधी शंभराची मोडलीस, हे बरोबर सुचलं."

चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या साधारण निम्म्यांना 'मेंदू सरावानं तयार होतो' हे ऑनलाइन समजावलं, तासाभराच्या आत. २०१९ मध्ये निकाल छापून आला: अभ्यासात मागे असलेल्यांची सरासरी श्रेणी, ४.३ पैकी, साधारण ०.१ नं वाढली. एवढंच. माझ्या मते उरलेलं काम त्या नोटांचं आणि अर्ध्या मिनिटाच्या गप्प बसण्याचं आहे. पाढे तर लागतातच, त्यात सूट नाही.

आणि खोडरबर दप्तरात ठेवायला सांगा. ३६४ वर एक आडवी रेघ, खाली २३६. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मुलांना आधी ती रेघ मारलेली गणितं चाळायला लावते.