ई-रीडर घेताय? आधी सांगा, पुस्तकं कुठून आणणार

ई-रीडर म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं मशीन. 'कुठला ई-रीडर घेऊ' असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, तू वाचणार काय आणि ते येणार कुठून? कारण मशीन सगळीच बरी दिसतात, खरी गंमत घरी आणल्यावर सुरू होते. मी पहिला घेतला तो सहा इंची, मोठ्या हौसेने, आणि त्यावर टाकल्या जुन्या मराठी मासिकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. अक्षरं मुंगीएवढी, झूम केलं की अर्धी ओळ स्क्रीनबाहेर, मग प्रत्येक ओळीला डावीकडे सरकवा उजवीकडे सरकवा, दोन दिवसांत वैतागलो आणि भाचीला देऊन टाकला. ती त्याच्यावर कादंबऱ्यांचा फडशा पाडतेय, म्हणजे मशीनची काहीच चूक नव्हती.

तर पहिला प्रश्न हाच, की तुमचं वाचन पीडीएफचं आहे का. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यात अक्षर मोठं करून ओळी नव्याने लागत नाहीत. अशा फाइल्स जास्त असतील तर दहा इंची स्क्रीनच हवी, अ‍ॅमेझॉनचा किंडल स्क्राइब किंवा बुक्स (Boox) कंपनीचा नोट एअर त्या मापाचे आहेत, महाग आहेत पण मग इलाज नाही. टाइप केलेली पीडीएफ असेल तर एक सोपी टेस्ट करा, त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर युनिकोड आहे, म्हणजे आजच्या मशीनना कळणारी अक्षरं, कॅलिबर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने तिचं ईपब, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने लागणारी ई-पुस्तकाची फाइल, करून बघता येतं (थोडी मोडतोड होते, चालतं). भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटली तर ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातली, तिच्या नादी लागू नका.

विकत घेऊन वाचणार असाल तर दुकान आधी ठरवा. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात, बटण दाबलं की पुस्तक हजर, आईबाबांसाठी घेत असाल तर एवढी सोय दुसरीकडे नाही. बाहेरून आणलेली ईपब फाइल नुसती केबलने कॉपी केली तर किंडल उघडत नाही, ती सेंड टू किंडल या अ‍ॅमेझॉनच्या सेवेने इंटरनेटवरून पाठवायची, ईपबसाठी ही सोय २०२२ मध्ये आली. आणि हे लक्षात ठेवा, विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने भरायची सोय अ‍ॅमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा घेतलेलं बहुतेक सगळं त्यांच्याच कपाटात राहणार. हे खटकत असेल तर कोबो नावाच्या दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर बघा, तो ईपब थेट घेतो, आणि परदेशात राहणाऱ्यांना तिथल्या लायब्ररीची पुस्तकंही त्याच्यावर घेता येतात.

बुकगंगावरून घेतलेली ई-पुस्तकं मात्र त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात, त्यामुळे किंडल-कोबोवर ती विसरा. त्यासाठी बुक्ससारखं अँड्रॉइडवालं मशीन लागतं, ज्यात अ‍ॅप टाकता येतात. पण बॅटरी लवकर उतरते, सेटिंगमध्ये खुडबुड करावी लागते, ज्याला आवड त्यानेच घ्यावं.

स्क्रीनबद्दल जास्त डोकं चालवायची गरज नाही. ई-इंकमध्ये, म्हणजे या मशीनांच्या कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यात, काळेपांढरे कण वर-खाली होतात आणि पान उलटतानाच काय ती वीज लागते, म्हणून दिवा बेताचा ठेवला तर चार्जिंग आठवडे टिकतं. फक्त ३०० पीपीआय (एका इंचात किती ठिपके, जितके जास्त तितकं अक्षर रेखीव) बघून घ्या, कारण रफार, मात्रा, अनुस्वार बारीक असतात. सेकंडहँड घेताना इथेच फसायला होतं, २०१९ चा साधा किंडल १६७ पीपीआयचा आहे, त्याच्यावर इंग्रजी खपून जातं, जोडाक्षरं फुटतात. रंगीत स्क्रीनचा मोह मुलांची चित्रांची पुस्तकं किंवा कॉमिक्स असतील तरच, सध्याच्या बऱ्याच रंगीत मॉडेलांत रंगातलं रिझोल्यूशन १५० च असतं आणि पडदा थोडा काळपट वाटतो.

घ्यायच्या आधी कोणा मित्राच्या मशीनवर एक मराठी ईपब उघडून 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाङ्मय', 'कर्तृत्व' हे शब्द नीट दिसतात का बघा. आपला हा अर्धा र भल्याभल्या फॉन्टांना जमत नाही. फॉन्टचाच घोळ असेल तर किंडल आणि कोबो दोन्हीत फॉन्टच्या फोल्डरमध्ये आपला आवडता देवनागरी फॉन्ट टाकता येतो.

जीबीचा विचार करू नका, मजकुराची पुस्तकं एक-दोन एमबीची असतात, १६ जीबी भरता भरत नाही. कव्हर मात्र पहिल्याच दिवशी घ्या, बहुतेक पडद्यांत आत पातळ काच असते आणि बॅगेत ती जेवणाच्या डब्याखाली येते.