ठासणीच्या बंदुकीसाठी गोळीचा साचा शोधताय? या चुका टाळा

नाशिकच्या भद्रकालीत एका भंगारवाल्याकडे गोळ्या ओतायचा जुना साचा मिळाला. लोखंडी, चिमट्यासारखा, जबडा गंजून घट्ट बसलेला. वर १४ कोरलेलं. आमच्या घरच्या, परवान्यावर नोंद असलेल्या एनफील्डची नळी १४.७ मिमीची. म्हटलं, १४ची गोळी, भोवती कापड, जमलंच! दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवून उघडला, तर पोकळी साडेसतरा मिमीची.

जुन्या इंग्रजी साच्यांवरचा आकडा बऱ्याचदा मिलिमीटरही नसतो आणि इंचही. एक पौंड शिशात त्या मापाच्या किती गोळ्या होतात, ते तो सांगतो. म्हणून आकडा वाढला की गोळी लहान होते: १२ म्हणजे १८.५ मिमी, १६ म्हणजे १६.८.

दुसरी चूक जास्त महागात पडते. बंदूक ओळखली की माप कळलं, असं आपण धरून चालतो. १८५३च्या एनफील्डची नळी .५७७ इंच, आत तीन आटे (पीळदार खाचा). पण १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींना त्याच घाटाच्या, आतून गुळगुळीत बंदुका दिल्या, त्यांची नळी .६५६ इंच. (भरवसा उडाला होता, दुसरं काय!) बाहेरून दोन्ही बहिणी-बहिणी दिसतात. तेव्हा नळी मोजायचीच. पण त्याआधी ती भरलेली नाही ना, हे बघा. गज (दारू ठासायची सळई) आत सोडून तोंडाशी त्यावर खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावा. टोक कानापर्यंत (दारूला आग पोचते त्या छिद्रापर्यंत) पोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. पुढे हात लावू नका, परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

व्हर्निअरने नुसतं तोंड मोजूनही फसगत होते. गज घासून घासून तोंड झिजलेलं असतं. स्क्रू बसवलेला मऊ शिशाचा तुकडा तेल लावून दोनेक इंच आत ठोका, ओढून काढा आणि तो मोजा. कापडात गुंडाळायची गोल गोळी नळीहून साधारण पाव मिमी लहान लागते.

आट्यांच्या नळीतल्या लांबट मिनिए गोळीचं गणित वेगळं. तिचा तळ पोकळ असतो. दारूच्या दाबाने तो फुगून आट्यांत बसतो. त्यासाठी शिसं शुद्ध, मऊ हवं. गॅरेजमधून आणलेली, चाकं बॅलन्स करायची शिशाची वजनं चालत नाहीत. त्यांतल्या अँटिमनीमुळे (शिसं कडक करणारा धातू) तळ फुगत नाही, आणि त्याच साच्यातून गोळीही थोडी मोठी निघते.

गंजलेली पोकळी पॉलिशपेपरने घासू नका, माप कायमचं बिघडतं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला टर्नर नवा साचा बनवून देईल का, असं बरेच जण विचारतात. कसब त्याच्या हातात आहे, प्रश्न कायद्याचा. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि बंदूक बाळगायच्या परवान्यात तो आपोआप येत नाही. शहरातले असाल तर पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागातले असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा, मग टर्नरला नकाशा दाखवा.